खुर्चीवरचा स्वेटर

१

विभू झाल्यापासून स्वरांगीला घराबाहेर पडायचं म्हणजे मोहिमेवर निघाल्यासारखं व्हायचं. डायपर, जादाचे डायपर, जादाचे संपले तर आणखी दोन, झबली, तापाचं औषध, थर्मामीटर, आणि तो बिघडलाच तर दुसरा थर्मामीटर. लिमरिकहून किलकेनी काही फार लांब नाही. पण गाडीची डिकी बघून कुणालाही वाटलं असतं, ही बाई देश सोडून चाललीय.

"बुद्धिबळ खेळायला चाललीयंस का बिऱ्हाड हलवतीयंस गं?" सासूबाई म्हणाल्या. सुलक्षणाबाई मिरजेहून नातीसाठी आल्या होत्या आणि मिरजेची बोली विमानातून जशीच्या तशी घेऊन आल्या होत्या.

अंबरीशची त्या शनिवार-रविवारी हॉस्पिटलात ड्युटी होती. स्पर्धेत नाव मात्र त्यानेच परस्पर घातलं होतं. "जा गं, खेळ. यू विल बी ग्रँड." आयर्लंडमध्ये चार वर्षं काढल्यावर त्याला सगळंच ग्रँड वाटायला लागलं होतं. पाऊस ग्रँड, सलग ड्युटी ग्रँड, बायकोची न झालेली झोपही ग्रँड.

स्वरांगीला तसं वाटत नव्हतं. कधीकाळी सांगलीच्या क्लबात ती पोरांना रडवायची, राज्य स्पर्धेत दुसरी आली होती. पण त्यानंतर इंजिनीअरिंग झालं, लग्न झालं, डिपेंडंट व्हिसा झाला आणि मग विभावरी झाली. आता दूध उतू जाईपर्यंत आपण गॅसपाशी का उभ्या आहोत हेही तिला आठवायचं नाही. आणि विभू नऊ महिन्यांची झाली तरी बाटलीला तोंड लावत नव्हती. अंगावरच प्यायची. परक्या माणसाने नुसतं पाहिलं तरी ओठ काढायची, आजीकडे नाइलाज म्हणून जायची. दोन्ही हात पसरून झेपावायची ती एकट्या आईकडे.

म्हणून बेत असा ठरला होता. डाव हॉटेलच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये, खोली पहिल्या मजल्यावर. समोरचा खेळाडू विचार करत असताना उठायला कुणाची हरकत नसते. तेवढ्यात वर जायचं, पाजायचं, खाली यायचं. पंचांची, म्हणजे नोरीन नावाच्या हसऱ्या बाईची, परवानगीही मिळाली. "बाळ आहे म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? फोन तेवढा बंद करून माझ्याकडे द्यायचा."

फोनचंच तर अवघड होतं. डाव चालू असताना फोन जवळ सापडला की डाव गेला.

"विभू रडायला लागली तर हॉलच्या काचेच्या दारापाशी येऊन उभ्या राहा आई. मी बघितलं की लगेच येईन."

"येते की. आणि हे बघ," सुलक्षणाबाईंनी खोलीच्या खिडकीचा पडदा सरकवला. खाली छोटं अंगण होतं आणि अंगणापलीकडे हॉलच्या उंच खिडक्या. आतली टेबलं, पट, खुर्च्या, सगळं दिसत होतं. "हितनं दिसशील तू मला. लेकीला दाखवते, ती बघ तुझी आई बसलीय." मग जरा थांबून म्हणाल्या, "तू जा निवांत. पण आईनं कुठंबी असावं, जीव लेकराजवळ ठेवावा."

हा टोमणा होता की आशीर्वाद, हे स्वरांगीला जिना उतरेपर्यंत कळलं नाही.

२

तिच्यासमोर डोनल नावाचे गृहस्थ होते. निवृत्त पोस्टमन, सत्तरीचे, जाड विणीचं जाकीट, बोटांची पेरं सुजलेली. सकाळी लिफ्टमध्ये त्यांनी विभूला "हाय मिसी" म्हटलं होतं आणि विभूने ओठ काढला होता. आता त्यांनी हात पुढे केला. "तुझ्या लेकीला मी आवडलो नाही. आईनं तरी दया दाखवावी."

"आई दया दाखवणार नाही बहुतेक," स्वरांगी म्हणाली, आणि स्वतःच्याच आवाजाचं तिला नवल वाटलं. दहा वर्षांपूर्वीचा आवाज होता तो.

हॉलमध्ये मग ती शांतता पसरली, जी फक्त बुद्धिबळाच्या हॉलमध्ये असते. शंभरेक माणसं आणि घड्याळांची बटणं. कुणी कुणाशी बोलायचं नाही. समोरच्याशी तर नाहीच. रेडिएटरची ऊब होती, तरी तिने मोहरीच्या रंगाचा लांब स्वेटर घातला होता, कारण त्याच्या खिशात खोलीची कार्ड-किल्ली होती आणि ती अधूनमधून चाचपली की बरं वाटायचं.

पांढरी मोहरी तिच्याकडे होती. सुरुवात ठीक गेली. भीतभीत, पण ठीक. पाचव्या-सहाव्या चालीला डोनलनी उंटाला बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. मग स्वतःशीच मान हलवून तोच उंट उचलला. हात लागला की तेच मोहरं चालवायचं, हा नियम. स्वरांगीला सांगलीच्या क्लबातले बाळासाहेब सर आठवले. हात लावून मागे घेणाऱ्या पोरांच्या बोटांवर ते पट्टी मारायचे. "लागला ना हात? मग गेला आता. परत नाही मिळत."

सरांचा आणखी एक धडा होता. डाव चालू असताना पोरं पाणी प्यायला उठली की सर म्हणायचे, "तू जा. मन इथं बसव." नुसतं म्हणायचे नाहीत, सराव करून घ्यायचे. खुर्चीवर आपली एखादी वस्तू ठेवायची, डोळे मिटायचे, आपण इथेच बसलोय असं पक्कं मनात धरायचं, मग उठायचं. त्या वयात तिला ते जमायचं. इतकं की नळापाशी उभं असतानाही तिला पट दिसायचा.

डोनल हनुवटीवर हात ठेवून विचारात बुडाले. विभूची भुकेची वेळ झाली होती. स्वरांगीने कार्ड हातात घेतलं, स्वेटर काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, आणि जुन्या सवयीने क्षणभर डोळे मिटले.

मग उठली.

३

वर सगळं ठीक होतं. विभू अधाशासारखी प्यायली आणि पिता पिता तिने आईच्या मानेवर नखाने एक ओरखडा काढला.

"खालची बाई रोज नेलकटर घेऊन नखं कापायला बसते, तरी ही वाढतातच," स्वरांगी स्वतःवरच वैतागून म्हणाली.

"खालची कोण?" सासूबाईंनी विचारलं.

"मी हो. खाली खेळतेय ती मी." दोघी हसल्या.

ती परत आली तेव्हा डोनलचं घड्याळ चालू होतं. छान. अजून विचार करतायत. ती बसली, आणि मग तिने पटाकडे बघितलं.

डोनलनी चाल केलेली होती. आणि त्या चालीवर पांढऱ्याचं उत्तरही दिलेलं होतं. ती उठली तेव्हा तिचा घोडा राजाच्या पुढ्यात निमूट उभा होता. आता तो काळ्याच्या किल्लेकोटाच्या दारात जाऊन बसला होता, सरळ प्याद्याच्या तोंडी. खुळ्यासारखी चाल. मग तिने हिशेब केला. घोडा घेतला तर वजीर येतो, हत्ती येतो, आणि नाही घेतला तरी काळ्याचं काही खरं नाही. खुळी चाल नव्हती ती. सतराव्या वर्षी ती अशा चाली करायची.

तिने शांतपणे विचार करायचा प्रयत्न केला. म्हणजे जाण्याआधी आपणच खेळलो. डोनलची चाल झाली, आपण घोडा टाकला, घड्याळ दाबलं, मग उठलो. आठवत नाही, एवढंच. काल चहात मीठ घातलं तेही कुठे आठवत होतं? बाळंतपणाने मेंदूची पेज होते म्हणतात. तिच्या मेंदूची तर पेजही पातळ झाली होती.

स्पष्टीकरण चांगलं होतं. फक्त खुर्ची गरम होती.

आणि स्वेटर होता तिथेच होता, पण त्याची डावी बाही उलटी झालेली होती. घाईत काढला की तिच्याकडून डावी बाही नेहमी उलटी व्हायची. मघाशी मात्र तिने तो घाईत काढला नव्हता.

तिने बाही सरळ केली, कार्ड परत खिशात टाकलं. समोर डोनल घोड्याकडे बघत होते, आणि मधूनच नजर उचलून तिच्याकडे.

४

हॉलच्या मागच्या बाजूला चहाचं टेबल होतं. डोनल आपली चाल करून तिथे गेले. मिनिटभराने तीही गेली. बोलणं बरं दिसत नाही, पण इथे पटापासून लांब दोन शब्द चालायचे.

"तो घोडा," डोनल कुजबुजले. "देवाशप्पथ, कुठून काढलास?"

"वर बाळाला पाजताना सुचला असेल." तिला गंमत करायची होती.

"वर? तू कुठे गेलीस वर?"

"आत्ता. मघाशी."

डोनल हसले. गालावर सुरकुत्यांची जाळी पसरली. "मुली, मी दोन वेळा चहाला उठलो. तू जागची हलली नाहीस. मला वाईट वाटलं म्हणून मीच म्हटलं, बाळाकडे जाऊन ये हवं तर. तू मान हलवलीस नुसती." त्यांनी कपात साखर टाकली. "आणि ते गुणगुणणं तेवढं बंद कर. तक्रार नाही करणार मी, पण माझी बायको पोरांना असंच काहीतरी म्हणून झोपवायची. मला पटासमोर पेंग यायला लागली."

स्वरांगीने मानेला हात लावला. ओरखडा होता. चुरचुरत होता. म्हणजे ती वर गेली होती. पाजून आली होती. यात शंका नाही.

म्हणजे म्हाताऱ्यांचा घोटाळा झाला. चष्मा जाड आहे. शेजारच्या पटावर एक मल्याळी मुलगी बसली होती. यांना आपण सगळ्या सारख्याच. तिच्याशी बोलले असतील आणि उत्तर माझं समजले असतील. तिला एकदम हलकं वाटलं. खुर्चीकडे परतताना तिने त्या मुलीकडे खात्रीसाठी बघितलं.

मुलीचे केस मानेपर्यंत कापलेले होते. अंगात लाल जाकीट होतं. आणि तिच्यासमोर बसलेला माणूस घोरण्याच्या बेतात होता. ती कुणाशी बोललेली दिसत नव्हती.

५

स्वरांगीने मग जे ठरवलं ते अगदी शहाणपणाचं होतं. अंबरीशला सांगितलं असतं तर त्यानेही मान डोलावली असती. डोनल थट्टा करत असतील किंवा तिचं डोकं फिरलं असेल. दोन्हींवर औषध एकच: जागेवरून उठायचं नाही. ती खुर्चीत आहे तोवर त्या खुर्चीत दुसरं कुणी बसू शकत नाही. साधी गोष्ट आहे. विभू भरपूर प्यायलेली आहे, पुढच्या वेळेला थोडा उशीर झाला तर आभाळ कोसळणार नाही. आणि रडलीच तर आई काचेच्या दारापाशी येतीलच.

ती बसून राहिली.

डावात आता तिला काही करायचं उरलंच नव्हतं. घोड्याने सगळं करून ठेवलं होतं. डोनल वाकले होते, कपाळावर घाम होता. तिच्या चाली आपोआप होत होत्या, आणि प्रत्येक चालीनंतर ती काचेच्या दाराकडे बघत होती. दार रिकामं होतं. बाहेर नोव्हेंबरची दुपार विझत चालली होती.

विभूची वेळ झाली आणि टळली. छाती जड झाली. मग दुखायला लागली. मग काहीही कारण नसताना, पटावर एक हत्ती उचलत असताना, पान्हा फुटला. झब्ब्याच्या आत दोन्हीकडे ओलं, कोमट. ती घाबरली. विभू रडत असली की असं होतं. तिने दाराकडे बघितलं.

कुणी नव्हतं.

म्हणजे रडत नाहीये. झोपली असेल. झोपली म्हणजे चांगलंच आहे. तिला स्वतःचाच राग आला. लेक शांत आहे तरी हिला चैन नाही. ओल लपवायला स्वेटर घालावा म्हणून तिने मागे हात नेला.

खुर्चीच्या पाठीला हात लागला, लाकडाचा.

तिने टेबलाखाली बघितलं. शेजारच्या खुर्चीवर बघितलं. डोनलनी भुवया उंचावल्या, तिने काही नाही म्हणून खूण केली. तिचं घड्याळ चालू होतं. स्वेटर कुणीतरी चुकून उचलला असेल. थंडी आहे. लोक करतात असं. चहापाशी गेलो तेव्हा कुणीतरी उचलला.

पण चहाहून आल्यावर तिने कार्ड चाचपलं होतं. त्याच खिशात. त्यानंतर ती उठलेली नव्हती.

खोलीचं कार्ड.

तिने पुढची चाल कोणती केली ते तिला कळलं नाही. बटण दाबलं आणि ती निघाली. आधी चालत, मग काचेच्या दाराबाहेर पडल्यावर पळत. डोळे मिटायचे राहून गेले. मन बसवायचंही. पण पाठीमागे, दार बंद होता होता, खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

६

कार्ड नव्हतं म्हणून तिने दार ठोठावलं. सुलक्षणाबाईंनी उघडलं. खांद्यावर विभू होती, डोळे अर्धे मिटलेली.

"आता गं काय राहिलं?"

"रडली का? कधी उठली? मला बोलवायला का आला नाहीत?"

"बोलवायचं कशाला?" सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. "आत्ताच तर पाजून गेलीस की."

स्वरांगीने आत येऊन दार लोटलं.

"पायाला चाकं हायत का गं तुझ्या? मी खिडकीत उभी, लेकीला म्हणतेय ती बघ आई, बसलीय बघ खाली, आणि मागनं दार उघडून तू आत. मी म्हटलं आत्ता तर खाली होती! तर बोललीबी न्हाईस. पोरीला घेतलंस, पलंगावर बसलीस, गाणं म्हणत पाजलंस आणि गेलीस. किती शांत प्याली म्हणून सांगू. न्हाईतर तुझी नेहमीची घाई." मग त्यांचं लक्ष गेलं. "स्वेटर कुठं टाकलास आता? मघाशी अंगात होता."

"द्या तिला. द्या माझ्याकडे."

तिने विभूला जवळजवळ ओढूनच घेतलं. पलंगावर बसली. पलंगाच्या कडेला चादर दबलेली होती, कुणीतरी तिथे आत्ताच बसून उठल्यासारखी. तिने विभूला छातीशी धरलं. छाती दगडासारखी झाली होती, दूध आपसूक गळत होतं. विभूने तोंड फिरवलं. पुन्हा धरलं. पुन्हा फिरवलं. पोट टम्म भरलेलं होतं. मग विभूने एक ढेकर दिली आणि ओठांच्या कोपऱ्यातून पांढरं दूध ओघळलं.

ते स्वरांगीच्या बोटावर आलं. कोमट होतं. कुणाचं होतं?

"अगं, थरथरायलीयंस तू. ताप आलाय का?"

"आई, दाराची साखळी लावा."

"कशाला?"

"लावा!"

सुलक्षणाबाईंवर आजवर कुणी सून ओरडली नव्हती. त्यांनी मुकाट्याने जाऊन साखळी लावली.

७

खिडकीपाशी जायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. तरी ती गेली, विभूला दोन्ही हातांनी आवळून.

अंगणात अंधारत आलं होतं आणि हॉलच्या खिडक्या पिवळ्या उजळल्या होत्या. तिचं टेबल मधल्या रांगेत. डोनल दिसले, टक्कल आणि जाकीट. त्यांच्यासमोर, खिडकीकडे पाठ करून, मोहरीच्या रंगाचा स्वेटर बसला होता. वर काळी वेणी. स्वरांगीचा हात आपोआप स्वतःच्या वेणीकडे गेला. सकाळी सासूबाईंनी घालून दिली होती, शेवटी निळं रबर. खालच्या वेणीलाही निळं काहीतरी होतं.

डोनलनी आपला राजा आडवा केला. हसत, मान हलवत उभे राहिले, हात पुढे केला. स्वेटर उभा राहिला. हात मिळवले. डोनल काहीतरी बोलले, बहुतेक बाळाबद्दल, कारण बोलताना त्यांनी हातांचा पाळणा करून दाखवला.

जिंकली होती. डाव संपला होता.

ते नुसतं बघण्यात स्वरांगीचे काही क्षण गेले. मग तिच्या लक्षात आलं. आता तिथे बसून राहायचं काही कारण उरलं नव्हतं.

खालच्या बाईने मोहरी परत मांडली. नीट, सावकाश, दोन्ही घोड्यांची तोंडं राजाकडे वळवून. सांगलीपासूनची स्वरांगीची खोड. मग ती वळली आणि तिने वर बघितलं. थेट या खिडकीकडे.

अंतर होतं, काच होती, अंधार होता. क्षणभरच दिसलं. चेहरा तिचाच होता, पण तो दमलेला नव्हता. डोळ्यांखाली काळं नव्हतं, कपाळावर आठी नव्हती. त्या बाईची झोप पुरी झालेली होती. हिला सगळं जमत होतं, आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

तिने हात हलवला. स्वरांगीला नाही. विभूला.

मग ती दाराकडे निघाली.

८

"आई, ऐका. आता कुणीही आलं तरी दार उघडायचं नाही."

"कोण येणार हाय?"

स्वरांगीचा फोन खाली नोरीनकडे होता. सासूबाईंचा फोन पलंगावर होता. तिने अंबरीशचा नंबर लावला. रिंग वाजत राहिली. उचलला असता तरी काय सांगणार होती? अंबरीश, मी येतेय वर. मला अडव.

गालिच्यावरून येणाऱ्या पावलांचा आवाज फारसा होत नाही. पण ही पावलं तिला ऐकू आली. डावं जरा जड, प्रसूतीनंतर कंबर धरली होती तेव्हापासूनचं. ती दारापाशी थांबली. कार्ड लागल्याचा बारीक आवाज झाला, हिरवा दिवा लागल्याचा. दार चार बोटं उघडलं आणि साखळीला अडलं.

"आई?" बाहेरून आवाज आला. स्वरांगीचा, थोडा धापा टाकणारा, हसरा. "साखळी कशाला लावलीत हो? उघडा ना. जिंकले मी."

सुलक्षणाबाईंनी दाराकडे बघितलं. फटीतून मोहरीच्या रंगाची बाही दिसत होती. डावी, सरळ केलेली. मग त्या वळल्या आणि खिडकीपाशी उभ्या असलेल्या बाईकडे त्यांनी बघितलं. झब्बा भिजलेला, केस विस्कटलेले, पोरीला आवळून धरलेलं, डोळे मोठे. त्या नीट बघत होत्या. परक्याकडे बघतात तसं.

"आई, मी आहे," स्वरांगी म्हणाली. "मी स्वरांगी आहे. आई, तुम्ही ओळखता मला."

"मग स्वेटर कुठाय तुझा?" सासूबाई अगदी हळू म्हणाल्या.

"अहो, तिनं घेतला! माझी मान बघा, ओरखडा बघा, विभूनं काढलेला..." तिने मान वाकडी करून दाखवली. बाहेरून, अगदी त्याच सुरात, पण न घाबरता, आवाज आला, "आई, कोण आहे आत? विभू कुणाकडे आहे?"

आणि विभूने मान मागे टाकली. तिने स्वरांगीच्या चेहऱ्याकडे टक लावून बघितलं, लिफ्टमध्ये डोनलकडे बघितलं होतं तसं. तिचा खालचा ओठ बाहेर आला, थरथरला. स्वरांगी म्हणाली, नाही, नाही गं सोन्या, मी आहे, आई आहे. विभूने भोकाड पसरलं. मग ती कमरेतून वळली, अख्ख्या अंगाचा जोर लावून, आणि तिने दोन्ही हात पसरून झेप घेतली. दाराकडे.

सुलक्षणाबाईंनी ते बघितलं. त्यांना आता काही विचारायचं उरलं नव्हतं.

"आई, नको," स्वरांगी म्हणाली.

सुलक्षणाबाईंचा हात साखळीला लागला.